पुण्याचा उन्हाळा, दोन वर्षांचे मूल आणि आंब्याचे क्रंबल

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन उन्हाळ्यात घरी काही बेक करायचे असेल, तर पाककृतीच्याही आधी दिवसाचे वेळापत्रक ठरवावे लागते. या वयाचे मूल एका कामात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रमत नाही आणि पुण्यातले एप्रिल-मेचे ऊन दुपारी कोणालाच काही सुचू देत नाही. ओव्हन लावून तासभर स्वयंपाकघरात उभे राहायचे आणि त्याच वेळी मुलालाही गुंतवून ठेवायचे, असा बेत केला तर दोन्ही बिघडतात. त्याऐवजी सकाळी फळ, दुपारी पीठ आणि ऊन उतरल्यावर ओव्हन अशी कामाची वाटणी केली, तर प्रत्येक टप्प्यात मुलाला खरोखरीचे काम देता येते आणि दिवसही छान जातो. पुढे सांगितलेले आंब्याचे क्रंबल, म्हणजे खाली मऊ शिजलेले फळ आणि वर पीठ, ओट्स व लोण्याचा खुसखुशीत भुगा, हे अशा वाटणीला फार सोयीचे आहे, कारण त्यात काहीही फेटावे, फुगवावे किंवा सुबक लाटावे लागत नाही.

सकाळची वेळ

पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो आणि पहाटेचा गारवा बरेचदा सूर्य वर येईपर्यंत टिकतो. त्यामुळे मुलाला बाहेर नेण्याची खरी वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ ही आहे. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंदच असतात, म्हणून सकाळ चुकली की थेट संध्याकाळची वाट पाहावी लागते. सारसबाग, संभाजी उद्यान, कमला नेहरू पार्क यांपैकी जी बाग घराजवळ असेल ती चांगली; मोठ्या जुन्या झाडांची सावली हवी असेल तर एम्प्रेस गार्डनला तोड नाही. सारसबागेजवळच्या पेशवे पार्कात 1956 पासून धावणारी फुलराणी ही मुलांची छोटी रेल्वे आहे, पण तिच्यासाठी संध्याकाळ राखून ठेवावी. या दिवसांत रस्त्याकडेचे बहावे पिवळ्या घोसांनी लगडलेले असतात आणि गुलमोहोरही फुललेले असतात. खाली पडलेल्या पाकळ्या वेचण्यात दोन वर्षांचे मूल जितके रमते, तितके कोणत्याही विकतच्या खेळण्यात रमत नाही.

बागेत एक काळजी मात्र न चुकता घ्यावी. पत्र्याची घसरगुंडी आणि झोक्याच्या साखळ्या सकाळी नऊपासूनच तापू लागतात, म्हणून मुलाला बसवण्यापूर्वी आपल्या तळहाताची मागची बाजू पत्र्यावर टेकवून पाहावी. आपल्याला पाच सेकंद हात ठेववत नसेल, तर मुलाची कोवळी कातडी तिथे नक्कीच भाजेल. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद कडेची टोपी आणि मुलाच्या स्वतःच्या हातात मावेल अशी पाण्याची छोटी बाटली, एवढे सामान पुरते.

परतताना आंबे घ्यायचे असतील तर मुलाला मंडईत अवश्य न्यावे. 1886 मध्ये उभी राहिलेली महात्मा फुले मंडई आणि तिचा तो अष्टकोनी मनोरा पाहायला मोठ्यांनाही आवडते. लहान मुलाला मात्र तिथल्या ढिगांचे, रंगांचे आणि वासांचे जास्त आकर्षण असते. आंब्याच्या गाळ्यावर गवतात मांडलेली फळे त्याला हुंगू द्यावीत. देठाजवळ गोड वास येणारा आणि हाताला किंचित नरम लागणारा आंबा तयार समजावा. रंगावर फारसा भरवसा ठेवू नये, कारण रसायनाने पिकवलेल्या आंब्याची साल एकसारखी पिवळीधमक दिसते, पण त्याला वास नसतो आणि आतला गर कच्चा व आंबट निघतो. आंबा पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, तरीही लहान मुलासाठी घेताना हिरवट, कडक फळ आणून घरीच गवतात अढी लावणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. अढीतले आंबे रोज सकाळी उघडून पाहणे आणि तयार झालेला एखादा शोधून काढणे, हा तर मुलासाठी आठवडाभर पुरणारा खेळ होतो.

क्रंबलसाठी हापूस किंवा केसर घ्यावा. त्यांचा गर घट्ट असतो आणि फोडी भाजल्यावरही फोडीच राहतात. पायरी चवीला कितीही आवडत असली तरी तिला रस फार सुटतो. ती आमरसासाठी ठेवावी. हापूस कापल्यावर आत कधी कधी पांढुरका, चिवट, आंबट भाग दिसतो, त्याला साका म्हणतात. तेवढा भाग कापून टाकावा, बाकीचा आंबा वापरायला हरकत नाही.

घरी आल्यावर मुलाचे पहिले काम म्हणजे आंबे धुणे. न्हाणीघरात किंवा गॅलरीत घमेले मांडून त्यात चार बोटे पाणी घ्यावे, आंबे सोडावेत आणि एक मऊ फडके मुलाच्या हाती द्यावे. देठाजवळचा चीक लहान मुलांच्या ओठांना आणि हनुवटीला झोंबतो, त्यावर पुरळही येते. म्हणून देठाकडचा भाग आपण चोळून धुवावा आणि आंबे तासभर तरी पाण्यात राहू द्यावेत. आपल्या आज्या आंबे पाण्यात टाकून ठेवायच्या ते उगीच नव्हे. पाण्याचा हा खेळ अर्धा तास सहज चालतो, परंतु घमेल्यात कितीही कमी पाणी असले तरी मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये आणि काम संपताच पाणी झाडांना घालून घमेले पालथे करून ठेवावे.

दुपारचे काम

दहानंतर खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत. हवा कोरडी असल्यामुळे खिडकीत ओले पंचे किंवा वाळ्याचा पडदा लावून त्यावर अधूनमधून पाणी मारले, तर खोली चांगलीच गार राहते. मुलाला तहान लागल्याचे सांगता येत नाही, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने माठातले दोन घोट पाणी आपणहून द्यावे. जेवताना पातळ ताक आणि मधल्या वेळी शहाळ्याचे पाणी द्यावे. बाटलीबंद रस आणि सरबते या वयात टाळलेलीच बरी. मुलाने सहा-आठ तास लघवी केली नसेल, तोंड कोरडे पडले असेल, रडताना डोळ्यांतून पाणी येत नसेल किंवा ते मलूल होऊन पडून राहत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

आता पिठाकडे वळू. सहा जणांना पुरेल एवढ्या क्रंबलसाठी वरचा थर असा घ्यावा: 100 ग्रॅम कणीक, 50 ग्रॅम ओट्स, 50 ग्रॅम खारकेची पूड, 30 ग्रॅम बदामाची भरड, चिमूटभर मीठ, पाव चमचा वेलचीपूड, थोडे किसलेले जायफळ आणि 75 ग्रॅम थंड, बिनमिठाचे लोणी. खालच्या थरासाठी सोललेल्या आंब्याच्या 500 ग्रॅम फोडी, म्हणजे साधारण चार मध्यम हापूस, एक लहान चमचा लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा बारीक रवा लागतो. साखर मुळीच घातलेली नाही, हे मुद्दाम केले आहे. दोन वर्षांखालील मुलांच्या खाण्यात वरून साखर किंवा गूळ घालू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. शिवाय पिकलेला हापूस भाजला की आणखी गोड लागतो आणि वरच्या थराला खारीक पुरते. मोठ्यांना कमी वाटलेच, तर त्यांनी आपल्या वाटीत वरून गूळ भुरभुरावा. बदाम मुलाला यापूर्वी कधी दिले नसतील, तर त्यांची ओळख आधी वेगळ्या दिवशी थोड्या प्रमाणात करून द्यावी. अशा नव्या पदार्थाबरोबर एकदम देऊ नयेत.

लोण्याचे बोराएवढे तुकडे सकाळीच करून फ्रीजमध्ये ठेवावेत. घरचे लोणी वापरणार असाल तर ते थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन त्यातले ताक काढून टाकावे, नाहीतर पीठ ओलसर होते. लोण्याऐवजी घट्ट, रवाळ तूपही चालते. फक्त तुपात पाणी नसते, त्यामुळे ते 60 ग्रॅम पुरते आणि तेही गार करून घ्यावे.

मुलाला ओट्यापाशी स्टुलावर उभे करण्यापेक्षा परात खाली जमिनीवर घेणे कितीतरी चांगले. परातीखाली ओला पंचा घातला की ती सरकत नाही, मूल आपल्यासमोर पाटावर बसते आणि पडण्याची भीती राहत नाही. कणीक, ओट्स, खारीक वेगवेगळ्या वाट्यांत आधीच मोजून ठेवावे आणि एकेक वाटी मुलाला परातीत ओतू द्यावी. ओतणे हे त्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे काम असते, त्यामुळे इथे घाई करू नये. मग थंड लोणी घालावे आणि दोघांनी मिळून ते बोटांच्या टोकांनी पिठात चोळावे.

हे चोळणे म्हणजे शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळण्यासारखेच आहे. फरक एवढाच की इथे मोहन गरम न घालता थंड घालायचे. लोण्याचे बारीक कण पिठात सुटे राहिले, तर भाजताना ते वितळून मधे पोकळी राहते आणि थर खुसखुशीत होतो. लोणी आधीच वितळले तर सगळ्या पिठाचा लगदा होऊन वर एक कडक पापुद्रा तयार होतो. उन्हाळ्यात हीच खरी अडचण असते, त्यातून लहान मुलाचे तळवे आपल्यापेक्षा ऊबदार असतात. म्हणून मुलाला दोन-तीन मिनिटे मनसोक्त चोळू द्यावे. ते आधी पूर्ण मुठीत पीठ धरते, मूठ उघडून बोटांना चिकटलेला लोण्याचा गोळा निरखून पाहते आणि मग आपले पाहून चिमटीत धरायला शिकते. तेवढ्यात लोणी मऊ पडू लागलेच, तर परात सरळ पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावी आणि उरलेले काम मूल झोपल्यावर आपण पूर्ण करावे. मिश्रणाची मूठ वळली पाहिजे आणि अंगठ्याने दाबताच ती फुटून बारीक-मोठे खडे झाले पाहिजेत. अगदी रवाळ भुगा करण्यापेक्षा वाटाण्याएवढे काही खडे राहू दिले, तर खाताना जास्त मजा येते.

कच्चे पीठ मात्र मुलाला चाटू देऊ नये. गव्हाचे पीठ दळताना कुठेही तापवून निर्जंतुक केलेले नसते, त्यामुळे त्यात पोटाला बाधक जंतू असू शकतात. नुसते ‘नाही’ म्हणून या वयात उपयोग होत नाही. शेजारी आंब्याच्या फोडींची वाटी ठेवावी, म्हणजे तोंडाला काम मिळते. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. तयार भुगा डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीजरमध्ये तो महिनाभर टिकतो आणि तसाच गोठलेला फळावर पसरता येतो, म्हणून मी नेहमी दुप्पट करून ठेवते.

संध्याकाळ आणि ओव्हन

ऊन उतरले, साधारण साडेपाच वाजले की खिडक्या उघडाव्यात आणि ओव्हन 180 अंशांवर, वरचे-खालचे दोन्ही रॉड लावून, दहा मिनिटे तापू द्यावा. घरगुती ओटीजीची बाहेरची बाजू आणि काच भयंकर तापते. ओव्हन मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असावा, वायर खाली लोंबकळू नये आणि जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने एक रेघ आखून ठेवावी. ओव्हन चालू असताना ही रेघ ओलांडायची नाही, हे रोजच्या रोज सांगितले तर दोन वर्षांच्या मुलालाही समजते आणि पुढे ते इतरांनाही अडवू लागते. तरीही रेघेच्या भरवशावर आपण स्वयंपाकघराबाहेर जाऊ नये.

आंबे सोलून फोडी आपणच कराव्यात. कोयीभोवतीचा गर मुलाने चोखला तर चालतो, पण समोर बसून. काचेच्या किंवा चिनी मातीच्या, आठ इंची पसरट भांड्यात फोडी, लिंबाचा रस आणि रवा एकत्र करावा. ढवळण्याचे काम मुलाचे. रवा सुटणारा रस शोषून फुगतो आणि फळाचा दाटसर रस तयार होतो. त्यासाठी वेगळे कॉर्नफ्लोअर लागत नाही. आता फ्रीजमधला भुगा काढून मुलाच्या हाताने फोडींवर भुरभुरावा. एका कोपऱ्यात ढीग झाला तर तो हलकेच पसरावा, पण दाबू नये. दाबला की वाफ निघायला वाट राहत नाही आणि थर मऊ पडतो.

मधल्या जाळीवर 30 ते 35 मिनिटे भाजावे. कडेने रस बुडबुडू लागला आणि वरचा थर बदामी झाला की क्रंबल तयार झाले. खारकेमुळे रंग लवकर चढतो, म्हणून पंचविसाव्या मिनिटापासून लक्ष ठेवावे आणि फार करपते आहे असे वाटले तर वरचा रॉड बंद करावा. बाहेर काढलेले काचेचे भांडे ओल्या ओट्यावर टेकवू नये, ते तडकते. लाकडी पाटावर किंवा कोरड्या जाडसर फडक्यावर ठेवावे.

ओव्हन नसेल तर या पदार्थावाचून अडून राहण्याचे कारण नाही. कढई किंवा कुकर भट्टीसारखा तापवून त्यात हे करता येते, पण वरच्या थराला रंग येत नाही आणि गॅस फार जातो. माझ्या मते त्यापेक्षा दोन्ही थर वेगळे करणे उत्तम. जाड बुडाच्या कढईत भुगा मंद आचेवर, हलक्या हाताने उलथत दहा-बारा मिनिटे खमंग भाजावा. दुसरीकडे फोडी, रवा आणि दोन चमचे पाणी झाकण ठेवून सात-आठ मिनिटे शिजवावे, आणि वाढताना एकावर एक घालावे. आपल्याकडे पूर्वी घरात ओव्हन नसताना नानकटाईचे सामान घेऊन लोक बेकरीत जात आणि तिथल्या भट्टीत ती भाजून आणत, ती हौस आठवली की साधनांची कमतरता अडचण वाटत नाही. मे महिन्यात संध्याकाळी वळीव येऊन मधेच वीज गेली, तरी ही कढईची युक्ती वेळ निभावून नेते.

खायला देताना

शिजलेल्या फळाचा रस वरून गार वाटला तरी आत बराच वेळ कढत राहतो. मुलाचा भाग लगेच स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून ठेवावा आणि अर्ध्या तासाने, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहून मगच द्यावा. त्या अर्ध्या तासात गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात एक फेरी मारून यावी, नाहीतर समोर दिसणाऱ्या पदार्थासाठी रडारड होते. मोठ्या फोडी चमच्याने चेपून द्याव्यात, वरच्या थरातले कडक खडे रसात थोडे मुरू द्यावेत आणि मुलाने बसूनच खावे. आइस्क्रीमऐवजी सोबत सायीचे घट्ट दही किंवा घरचा बिनसाखरेचा चक्का द्यावा. भाजलेल्या आंब्याच्या गोडीला त्याची हलकी आंबट चव फार शोभते.

हीच पद्धत इतर फळांनाही चालते. एप्रिलच्या सुरुवातीला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळत असेल तर आंब्याबरोबर निम्मी-निम्मी घ्यावी आणि रवा अर्धा चमचा वाढवावा. अननस वापरायचा असेल तर फोडी आधी कढईत पाणी आटेपर्यंत परताव्यात. कलिंगड आणि खरबूज भाजण्याच्या कामाचे नाहीत, त्यांचे नुसते पाणी होते. द्राक्षे घालायची झाली तर प्रत्येक द्राक्ष उभे चिरून त्याचे चार भाग करावेत, कारण अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकण्याचा मोठा धोका असतो. जून उजाडला की जांभळे येतात. त्यांच्या बिया काढण्याचे काम किचकट आहे, पण आंब्याच्या शेवटच्या फोडींबरोबर त्यांची तुरट चव आणि जांभळा रस इतका सुरेख लागतो की तेवढे कष्ट जरूर घ्यावेत.

उरलेले क्रंबल पूर्ण गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. वरचा थर दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. लोखंडी तव्यावर ताटली ठेवून, वर झाकण न घालता मंद आचेवर दहा मिनिटे गरम केले तर त्याचा खुसखुशीतपणा बराचसा परत येतो. मुलाला सकाळच्या न्याहारीला मात्र ते मऊच, कोमट दुधात कालवून दिले तरी आवडते.